साठ टक्के कशाचे? अनुदान-अर्जातील पात्र खर्चाच्या अंदाजपत्रकाचा एक प्रकरण अभ्यास

जमिनीखालच्या जलवाहिन्यांतील गळती कंपनांवरून ओळखणारा संवेदक एका लहान कंपनीने तयार केला होता. प्रयोगशाळेत तो नीट चालत होता, परंतु प्रत्यक्ष वाहिन्यांवर, वाहतुकीच्या गोंगाटात आणि बदलत्या दाबात तो किती भरवशाचा ठरतो, हे तपासायचे राहिले होते. या चाचणीसाठी कंपनीने नवोपक्रम अनुदानाचा अर्ज करायचे ठरवले. हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले असून त्यातील रकमा कोणत्याही चलनात न देता केवळ एककांत दिल्या आहेत, कारण येथे पाहायचे आहे ते रकमांचे परस्परप्रमाण आणि त्यामागचा विचार.

योजनेच्या अटी थोडक्यात अशा होत्या. प्रकल्पाचा कालावधी १८ महिन्यांचा असेल आणि करारावर सही होण्यापूर्वी केलेला खर्च ग्राह्य धरला जाणार नाही. पात्र खर्चाच्या ६० टक्के अनुदान मिळेल, तेही आधी खर्च करून, दर तिमाहीनंतर पुराव्यानिशी दावा सादर केल्यावर. अनुदानाचा शेवटचा १० टक्के भाग अंतिम अहवाल मान्य होईपर्यंत राखून ठेवला जाईल. यंत्रसामग्रीची पूर्ण किंमत नव्हे, तर प्रकल्पकाळातील वापरापुरता घसारा, म्हणजे वापराच्या काळात घटणाऱ्या किमतीचा हिस्सा, पात्र ठरेल. परत मिळू शकणारा कर, कर्जावरील व्याज, विक्रीसाठीचा माल, जाहिरात आणि आकस्मिक खर्चाची ढोबळ तरतूद अपात्र असेल. भाडे, वीज, हिशेबाचे काम अशा अप्रत्यक्ष खर्चासाठी थेट मनुष्यबळ खर्चाच्या २० टक्के इतका सरसकट दर मिळेल. बाहेरून घेतलेल्या सेवा एकूण पात्र खर्चाच्या एक-चतुर्थांशापेक्षा जास्त नसाव्यात आणि हितसंबंध असलेल्या पुरवठादाराला नफा वगळून केवळ मूळ खर्च द्यावा, अशाही अटी होत्या.

कंपनीने केलेला पहिला मसुदा बरोबर १,००० एककांचा होता. त्यात मनुष्यबळ ३८०, चाचणी-उपकरणे २२०, सुटे भाग व साहित्य १३०, बाहेरील सेवा १२०, प्रवास ३०, पेटंट अर्ज २५, जागेचे भाडे व वीज ४५, जाहिरात व संकेतस्थळ ३० आणि आकस्मिक खर्च २० अशी विभागणी होती. याचे साठ टक्के म्हणजे ६०० अनुदान मिळेल आणि उरलेले ४०० आपण घालू, असा हिशेब करून कंपनीने ४०० एककांचा स्वनिधी बाजूला काढला. मसुद्यात बेरजेची एकही चूक नव्हती आणि प्रत्येक खर्च खराही होता. कंपनीला पुढच्या दीड वर्षात ज्या ज्या गोष्टींसाठी पैसे लागणार होते त्यांची ती प्रामाणिक यादी होती, आणि नेमका येथेच प्रश्न होता. अनुदान देणारी संस्था कंपनीच्या गरजांना पैसे देत नाही. ती एका ठरावीक कामाला, ठरावीक मुदतीत, सिद्ध करता येईल अशा खर्चापुरता हातभार लावते. त्यामुळे साठ टक्क्यांचा गुणाकार कोणत्या आकड्यावर करायचा, हे ठरल्याशिवाय स्वनिधीचा आकडा ठरवण्यात अर्थ नव्हता.

फेरतपासणीची सुरुवात मनुष्यबळापासून झाली, कारण तेच खर्चाचे सर्वांत मोठे शीर्ष (अंदाजपत्रकातील गट) होते आणि लेखापरीक्षणात सर्वाधिक शंका याच शीर्षावर घेतल्या जातात. ३८० पैकी १२० ही संस्थापकाच्या वेळेची बाजारभावाने काढलेली किंमत होती. परंतु संस्थापक प्रत्यक्षात पगार घेत नव्हते. वर्षअखेरीस नफा उरला तर तो घेत असत. प्रत्यक्ष अदा केलेल्या रकमेवर चालणाऱ्या योजनेत अशा वेळेला मोल नसते, मग तो वेळ कितीही महत्त्वाचा असो. काही योजना याला अपवाद करतात: युरोपीय संघाच्या होरायझन युरोप कार्यक्रमात पगार न घेणाऱ्या लघु व मध्यम उद्योगांच्या मालकांच्या दिवसासाठी ठरावीक एकक-दर मान्य केला जातो. या प्रकरणातील योजनेत तशी सोय नव्हती. म्हणून संस्थापकांनी करारापासून कंपनीच्या पगारपत्रकावर येण्याचे ठरवले आणि प्रकल्पाला देणार असलेल्या वेळेपुरती पगाराची रक्कम ५० एकके धरली. पगार केवळ दाव्यापुरता सुरू करून नंतर तोच पैसा कंपनीत परत फिरवण्याचा विचार काही जण करतात. तो नियमबाह्य तर आहेच, शिवाय बँक खात्याच्या उताऱ्यावर एका नजरेत दिसतो.

दोन अभियंत्यांसाठी प्रत्येकी १०० असे २०० धरले होते. पहिला अभियंता पूर्णवेळ प्रकल्पावर असणार होता, दुसरा मात्र जुन्या ग्राहकांच्या उपकरणांची दुरुस्तीही पाहत असे. मागील काही महिन्यांच्या कामाच्या नोंदी पाहता त्याचा सुमारे ३० टक्के वेळ त्यात जात होता, म्हणून त्याचे ७० एककेच प्रकल्पावर टाकता आली. विक्री व हिशेब पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांचे ६० एकके पूर्ण वगळावे लागले, कारण त्यांचे काम थेट चाचणीचे नव्हते आणि त्याची भरपाई अप्रत्यक्ष खर्चाच्या सरसकट दरात गृहीत धरलेली असते. तीच रक्कम दोन्हीकडे दाखवणे म्हणजे दुहेरी दावा होय.

मात्र याच शीर्षात मसुद्याने एक हक्काचा खर्च सोडून दिला होता. नियोक्ता म्हणून कंपनीला भरावी लागणारी सामाजिक सुरक्षेची वर्गणी पात्र खर्चात येते, पण मसुद्यात फक्त कर्मचाऱ्यांचा पगार धरला होता. २२० एककांच्या पगारावर १० टक्क्यांप्रमाणे २२ एककांची भर पडली आणि मनुष्यबळाचे शीर्ष २४२ वर स्थिरावले. पात्र खर्चाची तपासणी म्हणजे केवळ कात्री चालवणे नव्हे, असे मला आवर्जून म्हणावेसे वाटते. जे अर्जदार धास्तीने फक्त छाटत जातात, ते स्वतःच्या हक्काची रक्कम सोडून देतात आणि पुढे प्रकल्प अर्ध्यावर आल्यावर त्यांना पैसा कमी पडतो.

सर्वांत मोठा धक्का उपकरणांच्या शीर्षात बसला. मसुद्यातील २२० मध्ये २० एकके कराची होती आणि कंपनी नोंदणीकृत असल्याने तो कर तिला परत मिळणार होता, म्हणजे खरी किंमत २०० होती. त्यापैकी १५० चा दाब-चाचणी संच आणि ५० चे एक मापन-यंत्र अशी दोन उपकरणे होती. दाब-चाचणी संचाचे आयुष्य कंपनीच्या लेखा-धोरणानुसार ६० महिने होते. तो तिसऱ्या महिन्यात बसवला जाऊन चौथ्यापासून अठराव्या महिन्यापर्यंत, म्हणजे १५ महिने वापरात राहणार होता आणि त्याचा ८० टक्के वापर प्रकल्पासाठी होणार होता. त्यामुळे १५० गुणिले १५ भागिले ६०, आणि त्याचे ८० टक्के, म्हणजे अवघी ३० एकके पात्र ठरली. उरलेली १२० एकके कंपनीला खिशातून घालावी लागणार होती. हा नियम अन्यायाचा वाटू शकतो, पण त्यामागचा तर्क सरळ आहे: संच प्रकल्प संपल्यावरही साडेतीन वर्षांहून अधिक काळ कंपनीच्या कामी येणार आहे, आणि त्या काळाचा खर्च या अनुदानाने उचलावा अशी अपेक्षा धरता येत नाही.

मापन-यंत्राबाबत वेगळा निर्णय झाला. ते केवळ सहा महिने लागणार होते आणि दरमहा ३ एककांनी भाड्याने मिळत होते. भाड्याचे १८ एकके पूर्णपणे पात्र होते. खरेदी केले असते तर ५० एकके रोख गेली असती आणि त्यांतला लहानसा हिस्सा दाव्यात आला असता. घसाऱ्याचा नियम असलेल्या योजनेत अल्पकाळ लागणाऱ्या उपकरणासाठी भाड्याचा पर्याय प्रथम तपासावा. तरीही दाब-चाचणी संच भाड्याने न घेता विकतच घेतला गेला, आणि ते योग्यच होते, कारण पुढील उत्पादनात त्याची रोजची गरज पडणार होती. पात्रतेचे गणित धंद्याच्या गरजेपेक्षा वरचढ ठरू देऊ नये. उपकरणांचे शीर्ष अशा रीतीने ४८ एककांवर आले.

साहित्याच्या १३० पैकी ४० एकके पहिल्या विक्री-तुकडीच्या सुट्या भागांची होती आणि ती निर्विवादपणे अपात्र होती. उरलेली ९० एकके ६० संवेदकांसाठी, प्रत्येकी दीड एककाने धरली होती. येथे आकस्मिक खर्चाचा प्रश्नही सुटला. २० एककांची ढोबळ तरतूद अपात्र होती, परंतु तिच्यामागची भीती खरी होती: जमिनीखाली बसवताना काही संवेदक निकामी होणार हे कंपनीला अनुभवाने माहीत होते. ती भीती स्वतंत्र शीर्षाखाली न ठेवता, मागील चाचण्यांतील नुकसानीच्या नोंदी जोडून, ६ जादा संवेदकांच्या रूपात साहित्यातच मांडली गेली. त्यामुळे साहित्य ९९ एककांचे झाले. तपासणीस ‘आकस्मिक’ हा शब्द नाकारतो, पण कारणासह मांडलेली जादा संख्या सहसा मान्य करतो, कारण तिची छाननी करता येते.

बाहेरील सेवांत प्रमाणन प्रयोगशाळेचे शुल्क ६० एकके होते आणि त्यात बदल झाला नाही. संवेदकाच्या आवरणाच्या साच्याचे काम मात्र एका भागीदाराच्या नातेवाइकांच्या आस्थापनेला ६० एककांना देण्याचे मसुद्यात गृहीत धरले होते. हितसंबंधाची माहिती लपवण्याचा कोणाचाही हेतू नव्हता. ओळखीचा आणि भरवशाचा माणूस म्हणून ते नाव आले होते. नियमाप्रमाणे एक तर हे नाते अर्जात उघड करून नफा वगळलेली किंमत दाखवावी लागली असती, नाही तर काम त्रयस्थाकडे द्यावे लागले असते. तीन दरपत्रके मागवल्यावर त्याच तपशिलाचे काम एका त्रयस्थ पुरवठादाराने ४८ एककांत करण्याची तयारी दाखवली आणि काम त्याच्याकडे गेले. शीर्ष १०८ चे झाले. प्रवासाच्या ३० एककांना मसुद्यात कोणताही आधार नव्हता. तीन चाचणी-ठिकाणे, प्रत्येकी दहा भेटी, दर भेटीस ०.९ असे मांडल्यावर २७ एकके आली. पेटंटचे शुल्क अनुदानाच्या अर्जापूर्वीच भरलेले असल्याने ते गेले, जाहिरातीचे ३० गेले. अंतिम दाव्यासाठी लागणाऱ्या स्वतंत्र लेखापरीक्षकाच्या प्रमाणपत्राचे ८ एकके मसुद्यात नव्हते, ते घातले.

भाडे आणि विजेचे ४५ एकके काढून त्यांच्या जागी सरसकट अप्रत्यक्ष खर्च आला: २४२ च्या २० टक्के, म्हणजे ४८.४. अप्रत्यक्ष खर्च ही अशी जागा आहे जिथे एका योजनेचे ज्ञान दुसऱ्या योजनेत दिशाभूल करते. ब्रिटनच्या इनोव्हेट यूकेच्या अनुदानांत कंपन्यांना मनुष्यबळ खर्चाच्या २० टक्के दराचा पर्याय मिळतो. होरायझन युरोपमध्ये हा दर पात्र थेट खर्चाच्या २५ टक्के असतो, मात्र उपकंत्राटाची रक्कम त्या पायातून वगळलेली असते. अमेरिकेच्या संघीय अनुदान-नियमांत, वाटाघाटीने ठरलेला दर नसलेल्या संस्थांना घेता येणारा सरसकट दर १ ऑक्टोबर २०२४ पासून १० टक्क्यांवरून १५ टक्क्यांपर्यंत नेण्यात आला. भारताच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या कर्जसंलग्न योजनेत रचनाच वेगळी आहे: तेथे जमिनीची किंमत प्रकल्प-खर्चात धरता येत नाही, कार्यशाळेचे भाडे धरता येते, पण जास्तीत जास्त तीन वर्षांचे. दर एकच असला तरी तो कोणत्या पायावर मोजायचा, यातच मोठा फरक पडतो. म्हणून टक्केवारी वाचताना तिच्या पाठीमागचे ‘कशाच्या’ हे आधी शोधावे.

सुधारित अंदाजपत्रकाची बेरीज ५८०.४ एकके झाली आणि अनुदान ३४८.२४. बाहेरील सेवा, लेखापरीक्षकाचे शुल्क धरूनही, एक-चतुर्थांशाच्या मर्यादेत राहिल्या. ६०० च्या जागी ३४८ हा आकडा पाहून संस्थापकांना स्वाभाविकच निराशा वाटली आणि काही खर्च ‘बसवता’ येतील का, अशी चर्चाही झाली. ती पुढे गेली नाही हे बरे झाले. मंजूर झालेला अपात्र खर्च दाव्याच्या वेळी किंवा त्यानंतरच्या लेखापरीक्षणात नाकारला जातो आणि तोपर्यंत पैसे खर्च होऊन गेलेले असतात. दिलेले अनुदान परत मागितले जाण्याची शक्यता वेगळीच.

यानंतर कंपनीने जे केले ते मला या प्रकरणातील सर्वांत मोलाचे वाटते. तिने पात्र खर्चाच्या पत्रकाशेजारी दुसरे पत्रक मांडले, ज्यात प्रकल्पासाठी प्रत्यक्ष बाहेर जाणारी सगळी रक्कम होती. तेथे दाब-चाचणी संच ३० नव्हे तर १५० एककांचा होता. त्यामुळे प्रकल्पाचा खरा खर्च ७००.४ झाला, अनुदान ३४८.२४ आणि स्वनिधी ३५२.१६. म्हणजे योजनेच्या जाहिरातीत साठ टक्के म्हणून सांगितलेले अनुदान या प्रकल्पाच्या खऱ्या खर्चाचा जेमतेम निम्मा भाग उचलत होते. अर्जाच्या नमुन्यात केवळ पहिले पत्रक मागितले जाते. दुसरे कोणी मागत नाही, पण प्रकल्प पुरा होईल की नाही हे तेच सांगते.

बाजूला काढलेल्या ४०० पुढे ३५२ हा आकडा दिलासा देणारा होता. पण विक्रीचा माल आणि जाहिरात यांचे ७० एककेही त्याच ४०० मधून जायचे होते, आणि बेरीज ४२२ होत होती. शिवाय पैसा कधी जातो आणि कधी येतो याचा महिनावार तक्ता केल्यावर चित्र आणखी गंभीर दिसले. पहिल्या तिमाहीत पगार ४०, करासह दाब-चाचणी संच १६५, साहित्य ४०, साच्याचा निम्मा खर्च २४ आणि अप्रत्यक्ष खर्च ८, असे २७७ एकके जाणार होते. दाव्याची छाननी होऊन पैसे यायला आणखी दोन महिने धरले, तर त्या दोन महिन्यांत अजून ७९ जाणार होते. पाचव्या महिन्याच्या अखेरीस ३५६ एकके बाहेर गेलेली असणार, आणि हाती येणारा पहिला हप्ता किती? दाव्यात पगार ४०, साहित्य ४०, साचा २४ आणि अप्रत्यक्ष खर्च ८, असे ११२ एककेच बसत होते, कारण संचाचा वापर चौथ्या महिन्यात सुरू होणार असल्याने त्याचा घसारा पहिल्या तिमाहीत शून्य होता. साठ टक्क्यांनी ६७.२. पुढच्या तीन महिन्यांचा १०३ चा खर्च वजा केल्यावर आठव्या महिन्याच्या अखेरीस, दुसरा हप्ता येण्याच्या तोंडावर, ४०० पैकी जेमतेम ८ एकके शिल्लक राहत होती, आणि प्रयोगशाळेचे ६० एककांचे शुल्क त्यानंतर लगेच भरायचे होते. संचावरील कराचा परतावा तोपर्यंत आला तरी आकडा २३ पर्यंतच जात होता.

कोणताही दावा एका शंकेपायी महिनाभर अडकला असता, तर पगार थांबले असते. काही योजना सुरुवातीलाच आगाऊ हप्ता देतात. होरायझन युरोपमध्ये तशी पद्धत आहे. उलट पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत मुदत ठेवीसारखी ठेवून मगच कर्जखात्यात वळती केली जाते, म्हणजे उद्योजकाच्या हाती ती खेळते भांडवल म्हणून येतच नाही. आपल्या योजनेत आगाऊ रक्कम नसल्याने कंपनीने बँकेकडून १०० एककांपर्यंत उचलता येईल अशी अल्पमुदतीची कर्जमर्यादा मंजूर करून घेतली आणि तिचे व्याज अपात्र खर्च म्हणून दुसऱ्या पत्रकात वेगळे दाखवले. विक्री-तुकडी आणि जाहिरात प्रकल्प संपेपर्यंत पुढे ढकलली. शेवटचे ३४.८ एककांचे राखीव अनुदान अंतिम अहवालानंतर येणार असल्याने ती कर्जमर्यादा १८ महिन्यांवर संपणारी न घेता त्यापुढे सहा महिने चालू राहील अशी मागितली.

अर्जात प्रत्येक ओळीसमोर कामाच्या आराखड्यातील टप्पा, हिशेबाची पद्धत आणि आधाराचा कागद लिहिला गेला. प्रवासाच्या २७ समोर ठिकाणे व भेटींची संख्या होती, संचाच्या ३० समोर घसाऱ्याचे पूर्ण सूत्र होते. मूल्यमापन करणाऱ्याच्या मनात ‘हे का?’ असा प्रश्न उठण्यापूर्वीच त्याचे उत्तर त्या ओळीत असावे, एवढाच यामागे हेतू होता. छाननीत एकच विचारणा आली: दुसऱ्या अभियंत्याचा ७० टक्के वेळ कसा काढला? कामाच्या नोंदींची प्रत जोडून उत्तर दिले गेले आणि ते पुरेसे ठरले. करार झाल्यावर दोन्ही अभियंते व संस्थापक यांची दर आठवड्याची टाइमशीट, स्वतः आणि वरिष्ठाच्या सहीने, पहिल्याच आठवड्यापासून ठेवली जाऊ लागली. संस्थापकांच्या बाबतीत वरिष्ठ कोणी नसल्याने दुसऱ्या भागीदाराची सही घेण्यात आली.

दहाव्या महिन्यात प्रयोगशाळेने आपले शुल्क ६० वरून ७२ केले. योजनेत एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षाकडे त्या शीर्षाच्या १० टक्क्यांपर्यंतची रक्कम परवानगीशिवाय वळवता येत होती. बाहेरील सेवांच्या १०८ साठी ती मर्यादा १०.८ एककांची होती आणि वाढ १२ ची. फरक केवळ १.२ एककांचा असूनही कंपनीने काम थांबवून आधी लेखी परवानगी मागितली. साहित्यात काही संवेदक कमी लागल्याने तेथील १२ एकके या शीर्षाकडे वळवण्याची विनंती केली, वाढीव दराचे पत्र जोडले आणि मंजुरी हाती आल्यानंतरच प्रयोगशाळेला नमुने पाठवले.